कावळा, फांदी आणि हद्द

माझी पुतणी सातवीत आहे. वादातली खोट कशी ओळखायची, हे तिला हवं होतं. मी म्हटलं, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानं मोडली असं ठरत नाही."

पुढच्या रविवारी नगरहून आम्ही शनिशिंगणापूरला गेलो. तिथं घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा. चहावाले म्हणाले, "शनिदेवाची राखण! चोरी होतच नाही. २०११ साली युको बँकेनंसुद्धा बिनकुलपाची शाखा काढली."

"पण २०१० साली एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार होती ना, काका?"

"ते गावाच्या हद्दीबाहेर!"

"म्हणजे चोरी झाली की हद्द सरकते?"

चहावाले खो खो हसले. तिच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. बोल देवाला नव्हता, युक्तिवादाला होता, हे त्या भल्या माणसाला कळलं.

घरी एवढं मोठं मन कुणाचं? दादा कडाडला, "मी तुझा बाप आहे, म्हणून माझंच खरं!"

"बाबा, यात नातं आलं. कारण कुठं आलं?"

दादा दोन दिवस वर्तमानपत्राआड होता.

शाळेत तर्क जरूर शिकवावा. फक्त पालकांना आठ दिवस आधी नोटीस द्यावी.