सैल मूठ

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें रविवारीं सकाळीं काय करावें, यासंबंधीं आमच्या समाजाच्या कल्पना ठाम आहेत. त्यानें पर्वतीवर फिरावयास जावें, परततांना भाजी आणावी, आणि दुपारीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढें ओढून विद्यार्थ्यांच्या अज्ञानाबद्दल सात्त्विक संताप व्यक्त करावा. आम्हींही हा क्रम कित्येक वर्षें इमानानें पाळला. परंतु तीन वर्षांपूर्वीं आमचा पुतण्या नोकरीनिमित्त परदेशीं गेला आणि जातांना आपली मोटारसायकल आमच्या अंगणांत ठेवून गेला. ही मोटारसायकल साधी नव्हे. उंच बैठकीची, खडबडीत टायरांची, चिखल व दगडधोंडे तुडविण्यासाठींच जन्मास आलेली अशी ती होती. "काका, अधूनमधून चालवत जा, नुसती उभी राहिली तर खराब होईल," एवढेंच तो म्हणाला. त्यानें हें जितक्या सहज सांगितलें तितक्या सहज आम्हीं तें घेतलें नाहीं, अशी आमच्या मंडळींची तक्रार आजही कायम आहे.

राजगड-तोरण्याच्या परिसरांत डांबरी रस्ता सोडून आंत शिरलें कीं वाड्यावस्त्यांना जोडणारे मातीचे रस्ते लागतात. पावसाळा संपल्यावर त्यांवर पाण्यानें कोरलेल्या चऱ्या, उघडे पडलेले दगड आणि चिखलांत उमटून वाळलेल्या चाकोऱ्या असतात. तेथें ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरांच्या वेगानें जाणेंही पराक्रमासारखें वाटतें. भाताचीं खाचरें, धुक्यांतून वर आलेला तोरण्याचा माथा, पाठीमागें उठलेला धुळीचा लोट! वय विसरावयास लावणारें असें तेथें पुष्कळच होतें. विसरले नाहींत ते फक्त आमचे हात.

चौथ्या रविवारीं घरीं परतल्यावर स्नान करून सदरा चढविला आणि गुंडी लावूं लागलों, तों बोटांना गुंडीच सांपडेना. डोळ्यांना ती दिसत होती. बोटांच्या लेखीं ती अस्तित्वांतच नव्हती. दोन्ही करंगळ्या आणि त्यांच्या शेजारच्या बोटांची एकेक बाजू कोणी परक्याची आणून बसवावी तशी झाली होती. अखेर आमच्या मंडळींनीं पुढें होऊन गुंडी लावून दिली. लावतांना म्हणाल्या, "अहो, हेल्मेट झालं, बूट झाले, गुडघ्यांची कवचं झाली. इतकी मूठ सैल सोडलीत. आता गुंडी लावायला माणूसही ठेवायचा का?" आम्ही हंसलों खरे. परंतु दुसऱ्या दिवशीं वर्गांत फळ्यावर लिहितांना खडू दोनदां निसटून खालीं पडला. पहिल्या बांकावरची मुलगी हंसली. या खेपेस आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्याचा जन्म खडू, लेखणी आणि पुस्तकाचीं पानें यांवर गेला, त्याच्या बोटांनीं असा संप पुकारावा, ही गोष्ट भिवविणारी होती.

आम्ही तर्कशास्त्र शिकवितों. तेव्हां आम्हीं या प्रश्नाचा विचार शास्त्रोक्त केला. थरथरणारी वस्तु आवरावयाची तर ती घट्ट धरली पाहिजे, हँडल थरथरतें, म्हणून हँडल घट्ट धरलें पाहिजे. अनुमानाच्या रचनेंत दोष काढण्यासारखा नव्हता. पुढचे दोन रविवार आम्हीं हँडल असें आवळून धरलें कीं जणूं तें कोणी पळवून नेणार होतें. शिवाय जाड कातडी हातमोजे आणले. त्या जाडींतून पकड नीट जाणवेना, म्हणून मूठ आणखीच आवळली. परिणाम इतकाच झाला कीं, दुपारपर्यंत टिकणाऱ्या मुंग्या रात्रीपर्यंत टिकूं लागल्या. पहिलें विधानच खोटें असेल तर पुढची सारी रचना कितीही सुबक असून उपयोग नाहीं, हें आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांना सांगतों. स्वतःला सांगावयाचें तेवढें राहून गेलें होतें.

आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांनीं मेजावरचा कोरा कागद उचलला, त्याची एक कड आमचा आंगठा व तर्जनीची बाजू यांच्यामध्यें दिली, दुसरी स्वतः धरली आणि म्हणाले, "सोडूं नका." त्यांनीं ओढतांच आमच्या आंगठ्याचें पेर आपोआप वांकलें आणि कागद निसटून गेला. फ्रोमां नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९१५ सालीं वर्णिलेली ही परीक्षा आहे, असें त्यांनीं सांगितलें. जन्मभर आम्हीं दुसऱ्यांच्या परीक्षेचे कागद तपासले; आमच्या परीक्षेचा कागद हा असा हातचा गेला.

मग त्यांनीं कारण समजावून दिलें. करंगळीकडे जाणारा मज्जातंतु मनगटाजवळ तळहाताच्या कडेस एका अरुंद नळींतून जातो. ग्युयों या दुसऱ्या फ्रेंच वैद्यानें १८६१ सालीं तिचें वर्णन केलें व तिला त्याचेंच नांव मिळालें. तळहाताची ही कड हँडलवर रेटली गेली, शरीराचा भार तिच्यावर आला, आणि वरून थरथर चालू राहिली, कीं तो मज्जातंतु चेंगरतो. आंगठा व मधलीं बोटें यांचा मज्जातंतु निराळा. तो मनगटाच्या मध्यावरील बोगद्यांतून जातो आणि मनगट फार वेळ वांकलेलें राहिलें कीं त्याच्यावर दाब येतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनाही हींच दुखणीं जडतात. "तुमचा मज्जातंतु दुखावला आहे, गेलेला नाहीं. पण असेच हट्टानें चालवीत राहिलांत तर तोही जाईल. सहा आठवडे त्या वाहनाला हात लावूं नका; पुढें लावाल तेव्हां डोकें वापरून लावा."

हे सहा आठवडे मोटारसायकल नाना पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रींकडे होती. आमची हकीकत ऐकून त्यांनीं इंजिन चालू केलें, हँडलवर नुसतीं बोटें टेकविलीं आणि म्हणाले, "सर, थरथर दोन जातींची असते. एक इंजिनाची, बारीक. एक रस्त्याची, ठोकळ. दोन्हींचं औषध एक नाही." आमच्या पहिल्या विधानांतील गोंधळ येथें प्रथम उघडा पडला.

एका सिलिंडरच्या इंजिनांत एकच दट्ट्या वरखालीं धांवत असतो. मिनिटास ६००० फेरे म्हणजे सेकंदास १०० वेळां तो वर जाऊन परत येतो. त्याचा हिसका सांवरण्यासाठीं फिरत्या दंडाच्या उलट बाजूस वजन घालतात. परंतु तें वजन वर्तुळांत फिरत असल्यामुळें उभा हिसका कमी करतां करतां आडवा हिसका नवा निर्माण करतें. कित्येक इंजिनांत यासाठीं उलट दिशेनें फिरणारा आणखी एक दंड बसविलेला असतो. तरी बारीक थरथर थोडीफार उरतेच. मिस्त्रींनीं प्रथम इंजिन सांगाड्यास धरणारे बोल्ट तपासले. एक ढिला निघाला. हँडल ज्यावर वळतें त्या कोनसेटमध्यें खडखड होती, तो बदलला. हँडलच्या दोन्ही टोंकांना पोलादी वजनें बसविलीं, कारण टोंक जड झालें कीं तें हलविणें त्या बारीक थरथरीस कठिण जातें. मुठींवरचें झिजून कडक झालेलें रबर काढून मऊ व किंचित् जाड रबर चढविलें. इंजिनाचा वेग वाढविणारी मूठ फार जड फिरत होती. तिच्या तारेस तेल दिलें. क्लच आणि ब्रेक यांचे दांडे थोडे खालीं वळविले, म्हणजे बोटें त्यांवर ठेवतांना मनगट वांकूं नये.

ही बारीक थरथरीची चिकित्सा. ठोकळ थरथरीसाठीं त्यांनीं पुढच्या शॉकअप्सरचें जुनें तेल बदललें, आणि मातीवर उतरतांना टायरमधील हवा २५ पौंडांवरून १८ पौंडांवर आणावी, डांबरावर परततांच पुन्हा भरावी, असें बजावलें. हवा फारच उतरविली तर दगडावर आपटून रिम वांकते. निघतांना म्हणाले, "गाडीचं होतं ते मी केलं. हाताचं तुमचं तुम्ही करा."

याचा अर्थ कळावयास आणखी एक रविवार जावा लागला. सहा आठवड्यांनंतर आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानें गेलों. मुंग्या पूर्वीच्या निम्म्यानें कमी झाल्या होत्या. परंतु गेल्या नव्हत्या. परतीच्या वाटेवर एका दगडखाणीजवळच्या चहाच्या टपरीवर थांबून आम्ही हात झटकीत उभे होतों. बांकावर पांढऱ्या धुळीनें माखलेला चाळिशीचा एक गृहस्थ बसला होता. तो आमच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "मुंग्या आल्या वाटतं, सायेब?" आम्हीं होकार दिला. "मग दाबून धरत असाल," तो म्हणाला. हा मनुष्य खाणींत हवेच्या दाबानें चालणारें यंत्र धरून खडकांत सुरुंगाचीं भोकें पाडीत असे. सतरा वर्षें तो हेंच काम करीत होता. त्यानें चहाचा पेला दोन्ही तळहातांमध्यें धरला होता, बोटांत नव्हे. "यंतर दाबलं की ते आपल्या हातात शिरतं. आपण त्याला नुसतं उभं धरायचं. खाली जायाचं काम त्याचं त्यानं करावं."

त्या दिवशीं उतारावर आम्हीं त्याचें म्हणणें करून पाहिलें. परंतु हात सैल सोडावयाचे तर शरीर कशानें तरी धरलें गेलें पाहिजे. पायदांड्यांवर उभे राहिलों, गुडघ्यांनीं टांकी दोन्ही बाजूंनीं आंवळली, कोपरें बाहेर काढून वांकविलीं, मनगटें सरळ केलीं. पायांनीं भार घेतला तेव्हां कोठें हात मोकळे झाले. मग मूठ इतकीच मिटली कीं हँडल निसटूं नये. चाक दगडावर चढलें, हँडल उसळलें, आणि ती उसळी कोपरांत येऊन विरून गेली. पहिला अर्धा मैल भीतीनें आमचा जीव वर गेला होता. परंतु मोटारसायकल कोठेंही भरकटली नाहीं. उलट इतके दिवस आम्हींच तिला सरळ जाऊं देत नव्हतों, असें वाटलें. त्या दुपारीं गुंडी आमची आम्हीं लावली. दर अर्ध्या तासानें थांबून बोटें मोकळीं करावयाची हा नियम मात्र आम्हीं तेव्हांपासून पाळीत आलों आहों. डॉक्टरांच्या कागदाच्या परीक्षेंतही आतां आम्ही उत्तीर्ण आहों.

घरीं आल्यावर आमच्या संवयीप्रमाणें आम्हीं पुस्तकें उघडलीं. अमेरिकेंत इंडियाना संस्थानांतील बेडफर्ड या गांवीं चुनखडीच्या मोठ्या खाणी आहेत. तेथील दगड घडविणाऱ्या लोकांच्या हातीं हवेच्या दाबाचे हातोडे आल्यावर त्यांचीं बोटें थंडींत पांढरीं व बधिर पडूं लागलीं. १९१८ सालीं डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या विदुषींनीं त्यांची तपासणी केली. त्यांना कारणें दिसलीं तीं अशीं: हत्याराचें कंपन, थंडी, आणि हत्यार सतत आवळून धरल्यानें येणारा ताण. युरोपीय संघानें तर २००२ सालीं या कंपनास मर्यादाच घालून दिली. आठ तासांच्या कामाच्या मानानें हाताला पोंचणारें कंपन प्रवेगाच्या मापांत ५ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद याच्या पलीकडे जातां कामा नये, आणि २.५ झालें कीं मालकानें उपाय योजलेच पाहिजेत. खाणींतला तो मनुष्य यांतलें एक कारण अनुभवानें अचूक सांगत होता. मग त्याची स्वतःची बोटें पेला कां धरीत नव्हतीं?

हा प्रश्न आम्हीं पुढच्या रविवारीं त्यालाच विचारला. त्याच्यासाठीं आम्ही हातमोज्यांचा एक नवा जोड घेऊन गेलों होतों. तो हंसला. "भोकाच्या फुटावर पैसं हायेत, सायेब. सकाळी मी हलकंच धरतो. दुपार कलली, हिशेब कमी पडाय लागला, की दाबतो." हातमोजे त्यानें घालून पाहिले, मूठ दोनचार वेळां उघडमीट केली आणि परत दिले. जाड मोज्यांतून यंत्र नीट लागत नाहीं, अधिक आवळावें लागतें, असें तो म्हणाला. आमच्या जाड मोज्यांची गोष्ट आम्हांस आठवली. आम्हांला हँडल सोडून देण्यास डॉक्टरांनीं सहा आठवडे दिले होते, आणि त्या सहा आठवड्यांत आमच्या पगारांतून एक पैही कापली गेली नव्हती.

त्या दिवशीं त्याला बाजारास जावयाचें होतें. हातपाय धुऊन त्यानें पिशवींतून स्वच्छ सदरा काढला आणि अंगांत घातला. गुंड्यांपाशीं त्याचीं बोटें कांहीं वेळ फिरलीं. नंतर त्यानें टपरीवरच्या पोऱ्यास हांक मारली. परंतु पोऱ्या पेले विसळीत होता. तेव्हां तो आमच्यापुढें येऊन उभा राहिला आणि कांहींशा संकोचानें म्हणाला, "सायेब, तुमचं हात बरं झालं नव्हं? एवढ्या लावून द्या."

वरपासून खालपर्यंत पांच गुंड्या होत्या. आम्हीं त्या लावून दिल्या.