छातीवर काय लिहिलंय?



आज टी-शर्टविषयी लिहिते आहे. हसू नका. आपल्या प्रत्येकीच्या घरी दोन मापं मोठे, खांदे कोपरापर्यंत उतरलेले, छातीवर काहीतरी लिहिलेले टी-शर्ट दोरीवर वाळत असतात. मुलं त्याला स्ट्रीटवेअर म्हणतात. म्हणजे रस्त्यावरचे कपडे. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरीब काळ्या मुलांनी हिप-हॉप गाणी सुरू केली, तेव्हा त्यांच्या अंगावर जे कपडे होते, त्यांचंच आता दुकानांत महागडं सामान झालं आहे.

मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशेबाची सवय सुटत नाही. कंपनीच्या नावाचा टी-शर्ट दोन-अडीच हजारांना आणि तसाच कोरा टी-शर्ट दोन-अडीचशेला. मधला फरक कशाचा? आम्हाला हिशेबशास्त्रात ‘गुडविल’ शिकवलं होतं. दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ताळेबंदात मालमत्ता म्हणून मांडतात. ती मालमत्ता कंपनीची. आपण पैसे मोजून तिची जाहिरात छातीवर घेऊन फिरतो. पण काही कपडे असे असतात की त्यावरची पत घालणाऱ्याची स्वतःची असते. आमच्या चंद्रपुरात ऑक्टोबर महिन्यात असे कपडे फार दिसतात.

16 ऑक्टोबर 1956 ला, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात येऊन लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. दर वर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला आमच्या दीक्षाभूमीवर मोठा सोहळा होतो. खेड्यापाड्यांतून माणसं येतात. म्हाताऱ्या बाया पांढऱ्या साडीत आणि त्यांची नातवंडं निळ्या किंवा काळ्या टी-शर्टात. कोणावर बाबासाहेबांचं चित्र, कोणावर ‘जय भीम’, कोणावर संविधानाची पहिली ओळ. आजीची साडी आणि नातवाचा टी-शर्ट, दोन्ही एकच गोष्ट सांगतात असं मला वाटतं.

ती गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागतं. एके काळी कोणी कसं नेसावं, कोणते दागिने घालावेत, हेसुद्धा जातीनं ठरवलेलं होतं. लुगडं बघूनच बाईची जात कळावी, अशी व्यवस्था. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. ज्या लुगड्यामुळे, ज्या जड गळसऱ्या-पाटल्यांमुळे तुमची जात ओळखली जाते, ते सोडा. इतर बायकांसारखी घोळदार साडी नेसा, स्वच्छ राहा, हा त्यांचा सांगावा होता. आणि त्या बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली. आपल्याला साडी घोट्यापर्यंत नेसायला कधी धाडस लागलं नाही. त्यांना लागलं. हे वाचल्यापासून मला ‘कपड्यांत काय आहे’ असं म्हणवत नाही.

त्याच ऑक्टोबरात, 21 तारखेला, चंद्रपूरच्या कारागृहाजवळ पिवळे गमछे आणि पिवळे फेटे दिसतात. वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 ला इथंच फाशी दिली. गडचिरोली भागातला पंचवीस वर्षांचा गोंड तरुण. आता अहेरी, एटापल्ली, राजुऱ्याकडून शिकायला येणारी पोरं त्यांचं चित्र असलेला टी-शर्ट घालतात. ‘जय सेवा’ लिहिलेला, ‘जल, जंगल, जमीन’ लिहिलेला. ज्या मुलांना शहरात बोलताना संकोच वाटतो, त्यांच्या वतीनं तो कपडा बोलतो: आम्ही इथले आहोत, आणि जंगलाचा विषय निघाला की आम्हालाही विचारा.

आता घरातली गोष्ट. माझी नात कॉलेजात आहे. तिच्या जिवलग मैत्रिणीचं घर बौद्ध. गेल्या वर्षी दोघी दीक्षाभूमीवर गेल्या आणि नातीनं निळा टी-शर्ट आणला, बाबासाहेबांचं चित्र आणि खाली ‘शिका’ एवढाच शब्द. दोघींनी सारखा घालून फोटो काढला आणि तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला. लगेच नात्यातल्या एका बाईंनी लिहिलं, “आपल्यात असं घालत नाहीत. उद्या स्थळं पाहायची आहेत.” खाली तीन जणींचे हात जोडलेले.

नात रडली नाही, चिडलीही नाही. तिनं मला विचारलं, “आजी, ‘आपल्यात’ म्हणजे कोणात?”

मी रात्रभर त्या प्रश्नाशी बसले. सकाळी सामायिक झाल्यावर ग्रुपवर उत्तर लिहिलं. तेच इथं थोडं विस्तारानं लिहिते, कारण ‘आपल्यात’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

आपल्यात काय असतं? वस्त्राचा विचार तर आपल्याइतका कोणी केला नसेल. आपले मुनिराज वस्त्रच सोडतात. आर्यिका माताजी सोळा हातांच्या एका पांढऱ्या साडीत आयुष्य काढतात. त्यावर एक अक्षर नसतं, तरी आख्ख्या बाजारपेठेला ती साडी सांगते की मला तुमच्यातलं काही नको. याहून मोठा निषेध कोणता? आपल्या आरमोरी-नागभीडचा कोसा एवढा नावाजलेला, तरी कोशातला जीव उकळून मारला जातो म्हणून कितीतरी जणी पूजेला रेशीम नेसत नाहीत. तोही न बोलता केलेला विरोधच आहे. आचार्य विद्यासागर महाराजांनी हातमागाचा आग्रह धरला. अहिंसक सुती कापड, आणि त्यातून गावातल्या तरुणांना, तुरुंगातल्या कैद्यांनाही काम. म्हणजे कपडा अंगावर येण्याआधी तो कोणाच्या हातून आणि कोणाच्या जिवावर आला, हे विचारणं आपल्यात आहे.

आणि रस्त्यावर उतरणंही आपल्यात आहे. ऑगस्ट 2015 मध्ये सल्लेखनेच्या प्रश्नावर गावोगावी मूक मोर्चे निघाले. सम्मेद शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून 2022 च्या डिसेंबरात आणि 2023 च्या जानेवारीत देशभर जैन समाज बाहेर पडला. 5 जानेवारी 2023 ला केंद्र सरकारनं तिथल्या पर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. मोर्चासाठी आपण केशरी साड्या काढल्या, पुरुषांनी पांढरे कपडे घातले. तेव्हा आपल्याला वाटत होतं ना, की बघणाऱ्यांनी आपलं दुःख समजून घ्यावं? कोणी दुसऱ्या समाजातली मुलगी आपल्यासोबत केशरी ओढणी घेऊन चालली असती, तर आपण तिला ‘तुमच्यात असं असतं का’ म्हटलं असतं? पाणी दिलं असतं.

अनेकांतवाद आपण पाठशाळेत शिकवतो. हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट पोरांना तोंडपाठ असते. ती घरच्या ग्रुपवर लागू होत नसेल तर शिकवून उपयोग काय?

उत्तर वाचून कोणी काही लिहिलं नाही. त्या बाई दिवाळीला फराळाला आल्या, चिवड्याला नावं ठेवून गेल्या, म्हणजे संबंध ठीक आहेत. स्थळांचं काय होईल ते होईल. एका शब्दावरून जे घर मागे सरेल, ते आधीच कळलेलं बरं.

नातीलाही मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मंदिरात जाताना चित्राचे-अक्षरांचे कपडे नाहीत, कोणाचेही नाहीत. तिथं लक्ष भगवंताकडे असावं, छातीकडे नाही. दुसरी, अपरिग्रह टी-शर्टांनाही लागू आहे. दर महिन्याला नवी घोषणा आणि जुनी फरशी पुसायला, असं नको. ज्या शब्दासाठी दोन बोल ऐकून घ्यायची तयारी आहे, तोच अंगावर घ्यावा. ‘शिका’ लिहिलं आहे तर शिकायचं. ती हसली, पण सध्या रविवारी मैत्रिणीबरोबर वस्तीतल्या मुलांचं गणित घेते आहे.

तुमच्या घरी दोरीवर जे वाळतंय, ते या आठवड्यात घडी घालताना एकदा वाचून बघा. अर्थ कळला नाही तर मुलांना विचारा. रागावण्याआधी विचारा.