मुंबईच्या प्लेगचे समीकरण

अवकल समीकरण राशी किती आहे हे सांगत नाही. ती कोणत्या वेगाने बदलते आणि तो वेग कशावर ठरतो, हे सांगते. त्याला सुरुवातीची स्थिती जोडली की पुढची वाटचाल काढता येते. साथीला ही रीत चपखल लागू पडते, कारण नवी लागण आजच्या रोग्यांवर आणि अजून निरोगी असलेल्यांवर अवलंबून असते.

साथींच्या गणितातला सर्वांत गाजलेला आलेख मुंबईचा आहे. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथींच्या गणितावर निबंध प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केली होती. केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती. दोघांनी वस्तीचे तीन गट पाडले: लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग त्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा फक्त आजाऱ्यांच्या प्रमाणात. एवढ्यावरून फार मोलाची गोष्ट निघते: साथ ओसरायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. पहिला गट ठरावीक उंबरठ्याखाली आला की ती उतरणीला लागते.

पडताळ्यासाठी त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू घेतले. दर आठवड्याच्या मृत्यूंना बसवलेले सूत्र असे: ८९० भागिले कॉश²(०.२आ − ३.४). आ म्हणजे आठवडे, कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन. शून्याचा कॉश १, म्हणून कंस शून्य होतो त्या सतराव्या आठवड्यात शिखर, ८९०. दहाव्या आठवड्याला सुमारे १९२, चोविसाव्यालाही तेवढेच. प्रत्यक्ष आकडे या वक्राला अगदी लागून आहेत.

पण वक्र जुळला म्हणून कारण जुळले असे होत नाही. प्रारूप बंदिस्त वस्ती धरते. आकडे फक्त बेटाचे. आज मुंबईचे उपनगर असलेले दिंडोशी तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीत, म्हणजे हिशेबाबाहेर, आणि रेल्वेने माणसांची ये-जा तर चालूच होती. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे निबंधकारांनाही ठाऊक होते. त्याहून मोठी अडचण ऋतूची. १८९७पासून मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढे आणि उतरे. २०१२ साली निकोला बाकाएर यांनी दाखवले की समीकरणांतले गुणांक स्थिर धरले तर त्यांच्या किमती अवास्तव येतात. १९०६ची साथ उंबरठ्यामुळे नव्हे, ऋतुमानामुळे ओसरली.

म्हणून सुधारित प्रारूपात उंदीर आणि पिसवा यांची स्वतंत्र समीकरणे येतात, आणि गुणांक वर्षभर बदलत राहतात. अशा संचाला आटोपशीर सूत्र सहसा मिळत नाही. काळाची छोटी छोटी पावले टाकत संगणकावर उत्तर काढावे लागते.