ताईचा ‘नको’ आणि जहाजवाल्यांचे विमान तिकीट

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायचे आणि संध्याकाळच्या लाँचने परत यायचे, एवढीच आमची आजवरची सागरी सफर. त्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून नॉर्वेला जाणाऱ्या मोठ्या जहाजावर आम्ही पाय ठेवला, हे ऑफिसात सांगितले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मित्रांना थट्टाच वाटली. पण हा लेख जहाजाच्या थाटामाटाविषयी नाही. जहाजापर्यंत नेणाऱ्या विमानाविषयी आणि त्यातल्या एका खुर्चीविषयी आहे. त्या खुर्चीपायी आम्ही जो धडा घेतला तो वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावा, म्हणून लिहायला बसलो.

सफर ठरली ती आमच्या मोठ्या ताईसाठी. ताई महानगरपालिकेच्या रुग्णालयात पस्तीस वर्षे वॉर्डात आया होती. आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. आमचे बी.कॉम. तिच्या पगारातून झाले आणि तिच्या मुलाचे इंजिनिअरिंगही. तो मुलगा, म्हणजे आमचा भाचा, सध्या न्यू जर्सीत असतो. त्याचा फोन आला, “मामा, आईला जहाजातून फिरवायचं आहे. मामी आणि तुम्ही तिला घेऊन लंडनला या. आम्ही इकडून येतो.” जहाजाची केबिन आणि आमची मुंबई ते लंडन जाण्या-येण्याची तिकिटे, सगळे त्याने तिकडूनच, जहाज कंपनीच्या विमान विभागामार्फत काढले.

आमच्या वाट्याला व्हिसाची धावपळ आली. इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा वेगळा. जहाज पुन्हा साउदॅम्प्टनलाच परतणार, म्हणून इंग्लंडमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता येईल असाच व्हिसा लागतो. कारकुनाला कागदांची भीती नसते. ते काम आम्ही पार पाडले.

कागदावरची रिकामी जागा

ताईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसरा कुरकुरतो. मुंबई ते लंडन थेट विमान म्हणजे सुमारे दहा तासांचे बसणे. तेव्हा तिच्यापुरती तरी ‘प्रीमियम इकॉनॉमी’ची जागा घ्यावी, असे पत्नीने सुचवले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विमानात साध्या इकॉनॉमी आणि महागड्या बिझनेस क्लासच्या मधला हा वर्ग. तैवानच्या ईव्हा एअरने आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तो सुरू केला. आपल्याकडे विस्तारा कंपनीने २०१५ मध्ये आणला. ती कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. साध्या वर्गात पुढच्या आणि आपल्या खुर्चीतले अंतर साधारण ३१ इंच असते, इथे ते ३८ इंचांच्या आसपास. खुर्ची थोडी रुंद, पाठ जास्त मागे जाते, पायाला टेकू असतो. आडवे झोपता येत नाही. काही कंपन्या साध्याच वर्गात तीन-चार इंच जास्त जागा देऊन त्याला मिळतेजुळते नाव देतात, त्याला फसू नये. वेगळा कक्ष आहे का, हे विचारून घ्यावे.

आम्ही विमान कंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या मुलीने आमचा सहा अक्षरांचा पीएनआर घेतला आणि अदबीने सांगितले, “सर, बुकिंग आमच्याकडे दिसतंय, पण ते एजंटचं आहे. तुमचा एजंट म्हणजे ती जहाज कंपनी. बदल त्यांनीच करायचा.”

मग आम्ही भाच्याने पाठवलेला कागद नीट वाचला. पीएनआर होता, उड्डाणाची वेळ होती, आमची नावे होती. तिकीट क्रमांकाची जागा मात्र रिकामी. विमानाच्या तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. तो क्रमांक नाही म्हणजे जागा धरून ठेवली आहे, तिकीट अजून निघालेले नाही.

भाच्याने जहाज कंपनीकडे चौकशी केली तेव्हा सगळा व्यवहार उलगडला. जहाज कंपन्या विमान कंपन्यांशी करार करून ठरावीक दराने जागा घेतात. हा दर पुष्कळदा स्वस्त असतो, पण त्याला अटी जास्त असतात. तिकीट लगेच निघत नाही. सफरीची शेवटची रक्कम भरली की प्रवासाच्या काही आठवडे आधी ते निघते. तोवर फरकाचे पैसे भरून वरच्या वर्गात जाता येते. एकदा तिकीट निघाले की जहाज कंपनी म्हणते आता बदल नाही, आणि विमान कंपनी म्हणते एजंटला विचारा. मैलांच्या गुणांवर किंवा बोली लावून वरचा वर्ग मिळवण्याची सोयही असल्या कराराच्या तिकिटांना बहुधा लागू होत नाही.

म्हणजे दार उघडे होते, पण थोडेच दिवस.

‘मला काय झालंय?’

त्या थोड्या दिवसांचे आम्ही काय केले, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

ताईला विचारले. ती म्हणाली, “नको. मला काय झालंय? लहानपणी अकोल्याहून दादरला थर्ड क्लासच्या लाकडी बाकावर बसून आले, तेव्हा कोणी गादी दिली होती?” रेल्वेचा थर्ड क्लास १९७४ मध्ये बंद झाला, पण तो बाक ताईच्या मनातून काही गेला नाही. भाच्याने फोनवर समजावले. तिने त्यालाही सुनावले, “तेवढ्या पैशात नातवाची फी भर.”

आम्हीही गप्प बसलो. आठवड्याने पुन्हा विषय काढू असे ठरवले. आठवड्याचे दोन आठवडे झाले. भाच्याने शेवटची रक्कम वेळेवर भरली आणि मे महिन्यातल्या एका सकाळी नवा कागद आला. रिकाम्या जागेत तेरा आकडे छापून आले होते. आम्ही घाईघाईने भाच्याला फोन केला, त्याने तिकडे केला. उत्तर ठरलेलेच होते. तिकीट निघाले, आता बदल नाही.

जहाज कंपनीने आठवण करून दिली नाही, हे खरे. पण नियम तिने आधी सांगितला होता. चूक आमची होती. ताईने ‘नको’ म्हटले आणि ते आम्हाला सोयीचे वाटले. आपल्या घरांतल्या आई-बहिणींनी आयुष्यभर ‘नको’च म्हटले आहे. दुसरी पोळी नको, नवे लुगडे नको, डॉक्टर नको. त्या ‘नको’चा अर्थ ‘तुम्हाला पुरणार नाही’ असा असतो, हे सभांतून सांगणारे आम्ही, घरात मात्र तो शब्द जसाच्या तसा फाइलला लावून मोकळे झालो.

साउदॅम्प्टनचे बाक

जाताना ताईला कडेची जागा मिळाली, एवढेच समाधान. चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले होते. एकूण धोका तसा थोडाच, पण डॉक्टरांनी घट्ट मोजे आणि अधूनमधून चालणे बजावले होते. पत्नी तिला तासातासाने उठवत होती. तरी लंडनला उतरेपर्यंत गुडघा सुजला. चाकांच्या खुर्चीवरून तिला बाहेर आणले तेव्हा ती आमच्याकडे न बघता म्हणाली, “होईल बरं.”

एक दिवस आधी पोचलो होतो, हे शहाणपण भाच्याचे. हीथ्रोहून बसने दोनेक तासांत साउदॅम्प्टन येते. संध्याकाळी तिथल्या बागेत टायटॅनिकच्या इंजिनिअरांचे स्मारक पाहिले. ते १९१४ मध्ये उभारले. १० एप्रिल १९१२ ला टायटॅनिक याच बंदरातून निघाले होते. बुडालेल्यांमध्ये पाचशेहून अधिक माणसे या एका शहरातली होती. त्यांतले बहुतेक प्रवासी नव्हते, नोकर होते : भट्टीत कोळसा टाकणारे, खलाशी, वाढपी. ताई बाकावर पाय लांब करून बसली होती. हे तिला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “म्हणजे उभ्यानं काम करणारेच.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटले. मधला एक दिवस नुसते पाणी, मग स्टॅव्हेंजर. तिथल्या जुन्या वस्तीतली दीडशेहून अधिक पांढरी लाकडी घरे धक्क्याच्या अगदी जवळ आहेत. सगळे पायी फिरायला उतरले. ताईने ती घरे डेकवर खुर्ची टाकून लांबूनच पाहिली. आमचे चित्त त्या घरांत लागेना. दहा तासांच्या खुर्चीने तिचे पहिले बंदर हिरावले होते.

बर्गेनपर्यंत सूज उतरली. तिथे डोंगरावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी १९१८ पासून चालते. तिच्यात बसून ताई वर गेली. खाली ब्रिगेन धक्क्यावरची जुन्या व्यापाऱ्यांची रांगेतली लाकडी घरे, पलीकडे समुद्र. जागतिक वारशाच्या यादीत या वस्तीचे नाव १९७९ पासून आहे. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझा बाप असता तर इथं बिडी पेटवली असती.”

हीथ्रोच्या काउंटरवर

परतीच्या दिवशी आम्ही ठरवून हीथ्रोला चार तास आधी पोचलो. चेक-इनच्या काउंटरवर आम्ही विचारले, “आजच्या विमानात प्रीमियम इकॉनॉमीची जागा शिल्लक आहे का? आम्ही फरक भरायला तयार आहोत.” प्रवासाच्या दिवशी विमानातल्या रिकाम्या जागा विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या हाती असतात आणि कित्येक कंपन्या त्या तिथेच विकतात. मिळेलच याची खात्री नसते. त्या दिवशी जागा होती, पण एकच. रक्कम पौंडांत सांगितली. रुपयांत ती ताईच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी झाली.

ताईचे तोंड उघडायच्या आत पत्नी म्हणाली, “ताई, आता नको म्हणायचं नाही. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात आणि आम्ही ऐकलं, ती आमची चूक झाली.” भाच्याने कार्ड पुढे केले. ताईने एकदा आमच्याकडे पाहिले. “आणि तुम्ही दोघं मागं?” आम्ही म्हटले, “पडदाच आहे ताई, भिंत नाही.”

रात्री विमानातले दिवे मंद झाल्यावर दोनदा तो पडदा सरकला. ताई पायाची हालचाल म्हणून चालत आमच्यापर्यंत आली. दुसऱ्या खेपेला हळूच म्हणाली, “पाय लांब केले रे. रात्रपाळीत कधी केले तर सिस्टर ओरडायच्या.” आणि पुन्हा पुढे गेली. मुंबईला ती स्वतःच्या पायांनी विमानातून उतरली.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आता आपल्या समाजातली मुले परदेशी आहेत, ती आई-वडिलांना अशा सफरीला नेऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी अनुभवाचे सांगतो.

जहाज कंपनीमार्फत तिकीट काढणे वाईट नाही. विमान उशिरा आले तर पुढच्या बंदरावर जहाज गाठून देण्याची व्यवस्था बहुतेक कंपन्या बघतात. स्वतः तिकीट काढले तर ती जबाबदारी आपली. मात्र पैसे भरण्यापूर्वीच तीन प्रश्न लेखी विचारावेत : तिकीट कोणत्या तारखेला निघेल, तोवर वरचा वर्ग किती फरकाने मिळेल, आणि तो जाण्या-येण्याच्या दोन्ही प्रवासांना लागू आहे की एकाच. वर्ग वाढला म्हणजे सामानाची मर्यादा वाढतेच असे नाही, तेही विचारावे. जाण्याचे तिकीट आवडले नाही म्हणून ते सोडून दुसऱ्या विमानाने जाऊ नये. पहिला टप्पा चुकवला की परतीचे तिकीटही बहुधा रद्द होते. आणि खुर्ची कितीही मोठी असली तरी उठून चालणे चुकवू नये.

शेवटची गोष्ट कोणत्याही काउंटरवर विचारता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ‘नको’ म्हटले तर त्याच दिवशी पुन्हा विचारावे, आणि तरीही ‘नको’ आले तर तिला न विचारता फरकाचे पैसे भरून टाकावेत. ताईच्या कपाटात आज त्या रात्रीचा बोर्डिंग पास जपून ठेवलेला आहे. जाण्याच्या तिकिटाचा कागद आम्ही आमच्याकडे ठेवला आहे.