माळशेजचा ओरखडा घासू नकोस

काल्हेर,
१४ जून

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेदहाला तुझा फोटो आला आणि माझी झोप उडाली. कव्हराकडे मी नंतर पाहिलं. आधी पाहिला तो बादलीच्या काठावर टेकलेला तुझा अंगठा. नखाशेजारी लाल चट्टा आहे आणि वरची कातडी सुरकुतली आहे. तू विचारलंस एवढंच, की बाबांच्या येझदीच्या इंजिनाचं कव्हर काळं पडलं, आता त्याला पुन्हा चकाकी कशी आणू? अंगठ्याबद्दल अवाक्षर नाही. अगदी दादावर, तुझ्या बाबांवर गेलास. लागलं तरी तो कुठे बोलायचा!

कॉस्टिक सोडा, बाळा? मोरी तुंबली की ओततात तो? बत्तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं आणि माझ्याच भाच्यानं बंद गाळ्यात, उघड्या हातांनी, कॉस्टिकच्या पाण्यात अॅल्युमिनियम बुडवून ठेवावं? ते पाणी बोटांना बुळबुळीत लागलं असेल. का लागतं, ठाऊक आहे? आपल्याच कातडीतल्या स्निग्धाचा साबण होत असतो म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत एकदा एका मुलीच्या डोळ्यात थेंब उडाला होता. वीस मिनिटं मी तिचं डोकं नळाखाली धरून ठेवलं. ती ओरडत होती, पण मी सोडलं नाही. डोळा वाचला. तुझ्या गाळ्यात नळ आहे का? फोटोत तरी दिसला नाही. आणि जो फेस आला म्हणून तू खूश झालास, त्या फेसातला वायू हायड्रोजन होता. ठिणगी लागली तर पेटणारा. शेजारी दिसणाऱ्या तुझ्या मित्राच्या हातात सिगारेट तर नाही ना, हे मी फोटो मोठा करकरून तपासलं.

आता काळं का पडलं ते सांगते. अॅल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. हवेत उघडं पडलं, की क्षणात त्यावर ऑक्साइडची साय धरते, दोन-चार नॅनोमीटर जाडीची. साय पारदर्शक असते, म्हणून खालची चकाकी दिसते, आणि तीच धातूची राखण करते. कॉस्टिकनं आधी ती साय खाल्ली, मग खालचा धातू खायला घेतला. पण इंजिनाचं कव्हर काही शुद्ध अॅल्युमिनियमचं नसतं. ते ओतीव असतं. धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात वाहावा म्हणून त्यात सिलिकॉन घातलेलं असतं, शिवाय थोडं तांबं आणि लोखंड. अॅल्युमिनियम विरघळून गेलं आणि ही बाकीची मंडळी मागे उरली. तीच तुझी काजळी. कारखान्यात ती नायट्रिक आम्लात बुडवून काढतात. तू नायट्रिक शोधायला निघू नकोस, माझी शपथ आहे.

आपल्या आजीला यातलं काही शिकायला मिळालं नव्हतं, पण जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात सोडा घालून काही उकळू द्यायची नाही. पातेलं काळवंडतं म्हणायची. आणि त्याच पातेल्यात आमसुलाचं सार केलं, की दुसऱ्या दिवशी ते आतून उजळलेलं असायचं. चिंचेच्या चोथ्यानंही तसंच व्हायचं. सोडा अल्कली, आमसूल आणि चिंच आम्ल, तेही सौम्य. वर्गात पुढे मी नेहमी या पातेल्यापासून सुरुवात करायची. १८८६ साली विजेनं अॅल्युमिनियम काढायची रीत सापडली म्हणून तर ते स्वस्त झालं. त्यानंतर बारा वर्षांनी मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टननं आपल्याकडे त्याची भांडी घडवायला सुरुवात केली. नाहीतर आपल्या घरात कुठून येणार होती जर्मनची भांडी! असो. भरकटले.

म्हणून आधी एवढं कर. कव्हर वाहत्या पाण्याखाली दहा मिनिटं धर, आतल्या बाजूनं, स्क्रूच्या भोकांतूनही. मग निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी घेऊन जुन्या टूथब्रशनं घास, पुन्हा धू, लगेच पुसून कोरडं कर. बरीच काजळी सुटेल. आणि दुसऱ्या बाजूचं कव्हर, ब्रेकची प्लेट, हब यांतलं काहीही त्या बादलीत जाता कामा नये. कार्बोरेटर तर नाहीच नाही. बऱ्याच कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्याला कॉस्टिक दाखवायचंसुद्धा नाही.

आता फोटोबरोबरच्या तुझ्या संदेशातली ती शेवटची ओळ. ती वाचून मला जास्त लागलं. बफिंगवाला म्हणतो, ‘एका दिवसात आरसा करून देतो, हवं तर वर क्रोम मारू.’ आणि तू म्हणतोस, जुलैच्या दुसऱ्या रविवारी सगळे जावा-येझदीवाले जमतात, तिथे आपली गाडी झळकली पाहिजे.

बाळा, ते कव्हर एकदा मनात आण. डाव्या बाजूचं. किक आणि गिअरचा दांडा जिथून बाहेर येतो, त्याच्या वर रुपयाएवढा एक भाग आहे. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर, म्हणून दादाचा डावा बूट वर्षानुवर्षं तिथे घासत राहिला. बाकीचं कव्हर पांढरं पडलं तरी तेवढा भाग कधी पडला नाही. त्याच्या खाली अडीच इंचांचा ओरखडा आहे, माळशेजचा. त्या दिवशी मागे कोण बसलं होतं ते तुला ठाऊक आहे. तू पोटात होतास. बफ फिरला की तो बुटाचा भागही जाईल आणि ओरखडाही. कुणाही मिस्त्रीच्या गाडीवर असतं तसं कव्हर तुला मिळेल.

चांगल्या बफिंगवाल्याला कमी लेखायची माझी हिंमत नाही. वागळे इस्टेटमध्ये दादाबरोबर काम करणारे असे कारागीर होते, की हातातल्या कंपनावरून ओळखायचे, चाक कुठे जास्त दाबलं गेलं ते. पण आज तुला एका दिवसात हवंय, त्यालाही एका दिवसात द्यायचंय. सायसलचं चाक आणि जाडा साबण लावून घाई केली, की कव्हराच्या कडा गोल होतात, पातळ जागा तापून वाकते, मग तिथून तेल झिरपायला लागतं. आणि सगळ्यात आधी जातात ती उठावाची अक्षरं. ती अक्षरं ओतणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ पासून चालला आणि १९९६ साली बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं खरं, पण ती गाडी चार स्ट्रोकची. तिचं कव्हर आपल्या रोडकिंगला बसत नाही. अक्षरं एकदा घासून गेली की गेली.

क्रोमचं तर नावच काढू नकोस. अॅल्युमिनियमवर क्रोम थेट धरत नाही. आधी जस्ताचा हात, मग तांबं, मग निकेल आणि सगळ्यांत वर क्रोमचा पातळ पापुद्रा. खाडीच्या हवेतलं मीठ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरलं, की खालून फोड येतात आणि पापुद्रे निघतात. ओतीव अॅल्युमिनियमचा स्वतःचा एक रंग आहे, किंचित राखाडी, दुधाच्या सायीवर ऊन पडावं तसा. गाडी कोरी असताना तो तसाच होता. आरसा तिच्यात कधीच नव्हता. तू जन्मला नव्हतास, मी तो रंग पाहिलाय. १९८३ साली दादा गाडी घेऊन दारात आला, तेव्हा आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मी ओवाळलं. निरांजनाची ज्योत त्या कव्हरात पिवळी, पसरट दिसली होती. तेवढंच मला परत हवंय.

एक कबूल करते. गाडी पांढरी पडली ती माझ्यामुळे. दादा गेल्यावर ती आमच्या पडवीत उभी राहिली. इकडून खाडीचा खारा वारा, तिकडून ठाणे-भिवंडी रस्त्याची धूळ, आणि मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून त्यात सिमेंट. सिमेंट ओलं झालं की अल्कली, अॅल्युमिनियमला तेही खातं. मी तिच्यावर मेणकापड घालून चारी बाजूंनी सुतळीनं आवळून बांधलं. मला वाटलं, जपतेय. आतल्या आत घाम धरत राहिला. दोन पावसाळ्यांनी सोडलं तर कव्हरावर पांढरी बुरशी यावी तशी फुलं आली होती. रसायनशास्त्राची बाई मी, आणि मला हे सुचू नये! त्याचं दुःख मला आहे, म्हणूनही तुला इतकं लिहितेय.

आता हातानं कसं करायचं ते. पाणी पेपर आण. ज्या जागी खड्डे पडलेत तिथेच ४०० नंबरपासून सुरू कर, बाकी सगळीकडे ६०० पुरे. मग ८००, १०००, १५००, जमलं तर २०००. पाण्यात साबणाचा एक थेंब टाक, म्हणजे पेपर भरत नाही. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदल. आधी उभा फिरवलास तर पुढचा आडवा. म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा उरल्यात की गेल्या, ते डोळ्यांना दिसतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. सगळे घाईत चुकतात ते इथेच. अक्षरांवर आणि दादाच्या बुटाच्या जागेवर पेपर लावायचाच नाही. तिथे फक्त पॉलिश आणि कापड. माळशेजच्या ओरखड्याच्या भोवतीनं फिर, त्याला बुजवायला जाऊ नकोस. लोखंडी काथ्या तर घरातही नको. त्याचे बारीक तुकडे अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसात गंजतात.

पेपर झाला की धातूचं पॉलिश. ट्यूबमधलं, अॅल्युमिनियमसाठी चालतं असं ज्यावर लिहिलंय ते. पितळेचं नको. बोटाच्या टोकाएवढं घ्यायचं, तळहाताएवढ्या जागेत गोल गोल चोळायचं. कापड काळं होईल, घाबरू नकोस, ते धातूचेच कण आहेत. काळं झालेला भाग सोडून कापडाचा नवा भाग घे. कापडाचंही ऐक. भिवंडीचं मागावरचं कोरं कापड स्वस्त मिळतं म्हणून तसंच वापरू नकोस. सूत तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते आणि ती खळ चकाकीवर केसासारख्या रेघा ओढते. दोनदा गरम पाण्यात धुतलं की मऊ पडतं. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, वर मेणाचा पातळ हात. लॅकर मारू नकोस. एका ओरखड्यातून लॅकरखाली पाणी शिरलं, की पांढरे किडे चालल्यासारख्या रेघा येतात आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून. मेण दर महिन्याला लावावं लागेल. लाव. महिन्यातून अर्धा तास त्या गाडीजवळ बसलास तर सैल झालेला नट तरी तुझ्या नजरेला पडेल. दादाला सगळं बिघडायच्या आधी कळायचं, ते दर रविवारच्या त्या अर्ध्या तासामुळे. माझं म्हणणं आहे ते एवढंच आणि ते मी सोडणार नाही. चमक विकत आणलीस तर गाडी तुला कधीच कळायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आधी लिहायला हवं होतं. हब चमकवताना पॉलिश किंवा मेण ड्रमच्या आत, ब्रेकच्या शूवर जाता कामा नये. एक डाग पुरतो. तू रात्रीचा कशेळीच्या पुलावरून येतोस, आजूबाजूला गोदामांचे कंटेनर, खाली खड्डे. ब्रेक लागला नाही तर? ब्रेकचे शू बदललेस का? केबल कधीची आहे? गाडी आधी नीट थांबली पाहिजे, मग चमकू दे. त्या मेळाव्यासाठी घाई करू नकोस. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. गाडीनं एवढी वर्षं वाट पाहिली आहे.

अंगठा आज डॉक्टरांना दाखव आणि ते काय म्हणाले ते मला कळव. वहिनीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तूच सांग, लपवू नकोस.

बफिंगवाल्याला फोन करून नाही म्हण. रविवारी सकाळी कव्हर घेऊन काल्हेरला ये, दुपारच्या उजेडात आपण दोघं बसू. ४०० ते २००० सगळे पेपर मी आणून ठेवलेत. कापड दोनदा धुऊन झालंय, दोरीवर वाळतंय.

तुझी
आत्या