ठेवीचा पैसा जातो कोठे?

बँकेत ठेवलेला पैसा आपल्या नावाची चिठ्ठी लावून तेथील तिजोरीत स्वस्थ पडलेला असतो, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही आढळते. पासबुकावर व्याज चढले की आपण समाधान पावतो. ते व्याज कोणाच्या व्यवहारातून निघाले हे विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. आमच्याही घरी ती नव्हती. इंग्लंडात शिकावयास गेलेल्या आमच्या नातीने ती पाडली.

तिने तेथील एका मोठ्या बँकेतील आपले खाते बंद केले. तोफा, विमाने व बाँब बनविणाऱ्या कंपन्यांस ही बँक भांडवल मिळवून देते, हे वाचल्यावर तिला तेथे पैसा ठेववेना. घरे बांधण्यास व विकत घेण्यास कर्ज देणाऱ्या एका संस्थेत तिने नवे खाते उघडले, आणि आम्हांस लिहिले, “आजोबा, आपल्या घरची ठेव ज्या बँकेत आहे, तिलाही एकदा विचारून पाहा ना.”

विलायतेत हा प्रकार नवा नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीच्या काळात तेथे व्यवहार करणाऱ्या बार्क्लेज बँकेवर इंग्लंडातील विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे बहिष्कार चालविला, आणि 1986 साली त्या बँकेने तेथील आपला हिस्सा विकून अंग काढून घेतले. गाझातील युद्धानंतर शस्त्रांच्या कंपन्यांशी असलेल्या संबंधांवरून त्याच बँकेविरुद्ध पुन्हा हाक उठली, व जून 2024 मध्ये काही संगीतमहोत्सवांना तिचा असलेला आश्रय स्थगित झाला. या कंपन्यांचे शेअर आपण गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून बाळगतो, त्यांत आपला स्वतःचा पैसा नाही, असे बँकेचे म्हणणे आहे. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु माल आपला नव्हे एवढे म्हटल्याने दलालाने घेतलेली दलाली काही परत जात नाही.

आता आमच्या गावाकडे वळू. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादच्या, माणसांस पैसा आणि बंदूक यांचे नाते कोणी शिकवावयास नको. निजामाच्या सरकारने भारताशी जैसे थे करार केला तो 29 नोव्हेंबर 1947 रोजी. त्याच सुमारास त्या सरकारने पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने. आणि संस्थानात भारतीय चलनास मनाई करून हाली सिक्का तेवढा चालू ठेवला. त्या खजिन्यात मराठवाड्यातील कुणब्याचा शेतसारा होता. त्यास कोणी विचारले नव्हते. पुढे 1948 साली सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या वेळी कराचीहून विमानांतून शस्त्रे भरून बिदरकडे आणू लागला. इकडे रझाकारांचा धुमाकूळ, आणि त्यांना शस्त्रे पुरविण्याचा खर्च ज्यांची घरे जळत होती त्यांच्याच पैशातून!

लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हकीकत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि 20 सप्टेंबरला हैदराबाद सरकारच्या खात्यातील 10,07,940 पौंड व 9 शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानच्या तेथील हायकमिशनरांच्या नावे वळती झाली. निजामाने ती परत मागितली; दोन्ही पक्षांची संमती नाही म्हणून बँकेने ती अडवून ठेवली. निकाल लागला 2 ऑक्टोबर 2019 रोजी, भारताच्या व निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोवर त्या रकमेचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. ही रक्कम शस्त्रांच्या मोबदल्याची होती, असाही पाकिस्तानचा एक युक्तिवाद होता. कोर्टाने तो मानला नाही. परंतु एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली रक्कम बंदुकीची की आणखी कशाची, हे ठरविण्यास विद्वान न्यायाधीश बसवावे लागतात, तर ठेवीदाराने ते घरबसल्या कसे ओळखावे?

असो. नातीचे पत्र आम्ही घरात वाचून दाखविले, तेव्हा मोठ्या वहिनींनी एकच प्रश्न केला. त्या औरंगाबादच्याच, 1948 साली सात वर्षांच्या होत्या. “14 सप्टेंबरला आपले लष्कर गावात आले, तेव्हा आमच्या वाड्यात साखर वाटली. त्या शिपायांच्या हातांतल्या बंदुका काय वाण्याच्या दुकानातून आल्या होत्या?”

यावर आम्हांस दोन दिवस उत्तर सुचले नाही. सुचले ते असे. ज्या लष्करास आपल्या लोकसभेने पैसा मंजूर करावयाचा व ज्याचा जाब तिने विचारावयाचा, त्याचा खर्च आपण करातून देतो. तेथे आपली निवड नाही आणि आमची तक्रारही नाही. ठेव ही निराळी वस्तू आहे. ती आपण आपखुशीने ठेवतो. त्या पैशाच्या बळावर कोणी तरी कोणा तिऱ्हाइताला नफ्याकरिता तोफगोळे विकावे, ते कोणाच्या घरावर पडतील ते पडोत, आणि त्याचा एक लहानसा अंश आमच्या पासबुकावर व्याज म्हणून चढावा, यास देशरक्षण म्हणता येत नाही. वहिनींनी हे ऐकून घेतले, व “बरे” एवढेच म्हटले.

बहिष्काराचे मोल तो टाकणारा स्वतः काय सोसतो यावर असते, असे आम्हांस वाटते. 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल येथील कॉलेजातून विद्यार्थी काढले गेले. नागपूर विद्यापीठाने संस्थानातल्या अशा मुलांस आश्रय दिला म्हणून त्यांचे शिक्षण तरले. 1948 साली संस्थानातील वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला तो स्वतःची मिळकत बुडवून. आमच्या नातीचे त्या मानाने फारसे काही गेले नाही. फार तर एक दुपार मोडली असेल. हे आम्ही तिला लिहिलेही, आणि ती रागावली नाही.

आमच्या घरी मात्र प्रश्न दुपारीपुरता नाही. ती ठेव वहिनींच्या नावे आहे, आणि तिच्या व्याजावर त्यांचे औषधपाणी चालते. मुदतीपूर्वी मोडली तर व्याजात कपात होते. आमची तत्त्वे त्यांच्या औषधांच्या पैशावर चालविण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले. ठेवींचा पैसा कोणकोणत्या धंद्यांस दिला जातो, अशी विचारणा करणारे पत्र बँकेस लिहिले. व्यवस्थापकांनी ते सौजन्याने घेतले, आणि वरिष्ठ कचेरीकडे पाठवितो म्हणाले.

मुदत मार्गशीर्षात संपते. रक्कम गावातील एका सहकारी पतपेढीत नेण्याचा विचार निघाला, तेव्हा वहिनींनी चष्मा लावून पहिला प्रश्न विचारला तो तेथील व्याजाचा नव्हे, तर ती पतपेढी कर्जे कोणाला देते याचा.