यक्षाच्या माथ्यावरचे ओझे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातील डोंगरांच्या कुशीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांचे खोदकाम सुरू झाले. तेथे सापडलेली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यक्ष ठेंगणा आहे, त्याचे पोट सुटलेले आहे, माथ्यावर पसरट पात्र आहे, आणि तो मनमोकळा हसतो आहे. मूर्तीच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेल्या लेखावरून कळते, की ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. ज्या काळातील बहुतेक शिल्पकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्या काळातील हे एक नाव दगडाने जपून ठेवले.

या यक्षाने आम्हांला बरीच वर्षे सोडले नाही. त्याला आजच्या माणसाच्या रूपात कॅनव्हासवर आणावे, असे मनात होते. आणि आजचा भारवाहक शोधायचा तर नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटखेरीज दुसरीकडे कोठे जावे? वाशीजवळ तुर्भे येथील या पेठेत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजी असे पाच बाजार आहेत. मुंबईच्या जुन्या, दाटीवाटीच्या पेठांतला घाऊक व्यापार येथे टप्प्याटप्प्याने हलवण्यात आला. नाशिककडचा कांदा, कोकणातला हापूस, घाटावरची भाजी, सारे येथे उतरते. आणि उतरते म्हणजे कोणाच्या तरी माथ्यावरून, पाठीवरून उतरते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांतील थोरामोठ्यांनीही वसईच्या वाड्यांतली भाजी आणि केळी मुंबईच्या बाजारात पोहोचवली आहेत. त्यांना टोपलीचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

या कामकऱ्यांना आपण माथाडी म्हणतो. शब्दातच माथा आहे. त्यांच्यापैकी पुष्कळजण सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतील डोंगराळ गावांमधून आलेले. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवींसाठी स्वतंत्र कायदा झाला. ज्याची गणती गोणीबरोबर होत असे, त्याचे नाव त्यानंतर मंडळाच्या नोंदवहीत आले.

जुन्या शिल्पाकडून नव्या चित्राकडे येण्याची वाट आमच्याआधी अनेकांनी चोखाळली आहे. १९४८ साली दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात, भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. मकबूल फिदा हुसेन आणि गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी ते पाहिले. मथुरेची व गुप्तकाळाची शिल्पे हुसेन यांच्या मनात घर करून राहिली आणि त्या आकारांचा डौल पुढे त्यांच्या रेषेत उतरला. त्यांनी मूर्तींच्या नकला केल्या नाहीत. मूर्ती उभी कशी राहते, कंबरेत कशी झुकते, एवढेच घेतले आणि बाकीचे सोडून दिले. काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे हे ठरवणे कठीण असते, हे आम्हांला आमच्याच कामात पुढे उमगले.

पहिली अडचण वजनाची. शिल्पकाराचा दगड मुळातच जड असतो. फ्लॉरेन्सच्या अकादमीत मायकेलएंजेलोचा एक अपूर्ण बंदिवान आहे. त्याला अ‍ॅटलस म्हणतात. त्याचे डोके दगडातून बाहेर आलेलेच नाही. जणू न कोरलेला तो खडकच त्याच्या मानेवरचा भार झाला आहे. चित्रकाराजवळ असा खडक नाही. ताणलेल्या कापडावर रंगाचा पातळ थर, एवढेच त्याचे भांडवल. त्यातून पन्नास किलोंची गोणी पाहणाऱ्याच्या मानेला जाणवली पाहिजे.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती, ती हास्याची. यक्ष हसतो, पण बाजारात ओझ्याखाली हसणारा माणूस आम्हांला दिसला नाही. ओठ मिटलेले, नजर पुढच्या चार पावलांवर, मानेच्या शिरा ताठ. आम्ही वहीत भराभर रेषा ओढत असू आणि तेवढ्यात तो पुढे निघून गेलेला असे. एके दिवशी साताऱ्याकडचे एक वयस्क माथाडी थांबले. आम्ही म्हणालो, “मामा, जरा असेच उभे राहता का? चित्र काढतो आहोत.” त्यांनी आधी गोणी थप्पीवर टाकली, डोक्यावरची चुंबळ काढून तिने तोंड पुसले आणि म्हणाले, “साहेब, चित्र काढायचं तर आता काढा. वर ओझं असताना आमचं तोंड आमचं नसतं.”

हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो आणि यक्षाचे छायाचित्र पुन्हा समोर ठेवले. दोन हजारांहून अधिक वर्षे तो पात्र उचलून उभा आहे. कण्हदासाने त्याला हसू दिले, ते प्रेमानेच दिले असावे. परंतु दगडातील भारवाहकाला ओझे खाली ठेवण्याची सोय नसते. अनेक मंदिरांत, लेण्यांत असे बुटके गण खांब आणि तुळया तोलून धरताना दिसतात. त्यांनी हात काढले तर छतच कोसळेल, असा भास शिल्पकार निर्माण करतो. पाहणाऱ्याला हळूहळू वाटू लागते, की काही माणसे ओझ्यासाठीच घडवलेली असतात आणि त्यात ती सुखी असतात. सुंदर कलाकृतीतून असा समज पसरणे आम्हांला धोक्याचे वाटते. माणसाच्या मानेला मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाचा भार पंचावन्न किलोंच्या आत आणावा, अशी शिफारस केली. हसणाऱ्या यक्षाकडे पाहून कोणाला असा आकडा सुचला नसता.

उपवासकाळात आपण क्रुसाची वाट चालतो, तेव्हा पाचव्या स्थानापाशी कुरेनेकर शिमोन भेटतो. शुभवर्तमान सांगते, की तो शेतावरून येत होता आणि त्याला धरून क्रूस वाहायला लावले. तो स्वतःहून पुढे आला नव्हता. आपण त्याला साहाय्यकर्ता म्हणून आदराने आठवतो, ते योग्यच आहे. तथापि त्या क्षणी तो वेठीस धरलेला एक शेतकरी होता. क्रूस जेथे उतरवला गेला, तेथे त्याने मान कशी चोळली असेल, हे आमच्या पाहण्यातील कोणत्याही चित्रकाराने रंगवलेले नाही.

आमच्या चित्रातील माणूस बाजाराच्या ओट्यावर बसलेला आहे. त्याची ठेंगणी, भरीव ठेवण यक्षाची आहे. रुंद खांदे आणि गोल गुडघेही त्याचेच. मागे गोण्यांची थप्पी, तांबूस आणि जड. चुंबळ त्याच्या हातात आहे. ती माथ्यावर ठेवली असती तर संतांच्या मस्तकामागील तेजोवलयासारखी दिसली असती. तो मोह आम्हांला झाला होता, परंतु मामांनी तिने तोंड पुसलेले आम्ही पाहिले होते. म्हणून ती घामाने ओली, चुरगळलेलीच राहिली. हास्य मात्र आम्ही सोडले नाही. ते ओझ्याखालून काढून विसाव्याच्या क्षणाला दिले. ते यक्षाइतके मोकळे नाही. चहा येतो आहे हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जेवढे येते, तेवढेच आहे.

चित्र पाहणारे कधी कधी विचारतात, “हा यक्ष कसा? याच्या माथ्यावर तर काहीच नाही.” आम्ही त्यांना मानेपाशी पाहायला सांगतो. तेथे केसांखाली कातडीला पडलेला घट्टा आम्ही गडद तपकिरी रंगात, सर्वांत जाड थराने रंगवला आहे.